दोष नमुन्याचा की यंत्राचा?

एका शासकीय प्रयोगशाळेत वित्त विभाग सांभाळताना, ताणचाचणी यंत्राच्या अलाइनमेंट-तपासणीच्या खर्चावर मी आक्षेप नोंदवला होता : लोड सेलचे प्रमाणपत्र वैध असताना हा वेगळा खर्च कशासाठी? शास्त्रज्ञांनी मला यंत्रापुढेच नेले. धातूच्या गोल दांड्यावर ९०-९० अंशांच्या अंतराने चार स्ट्रेन गेज चिकटवले होते. भार देताच आकडे उमटले : ११२०, १०००, ८८०, १००० मायक्रोस्ट्रेन. सरासरी नेमकी १०००. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने समाधान मानावे अशी! पण दांडा एका बाजूस वाकत होता, तोही १२ टक्के. लोड सेलला एकूण भार कळतो, हा वाक कळत नाही. अशा यंत्रावर चांगला धातूही अकाली तुटून नापास ठरू शकतो.

मग त्यांनी दांडा १८० अंशांत फिरवून पुन्हा बसवला. जास्तीचा ताण दांड्याबरोबर फिरला नाही. यंत्राच्या त्याच बाजूस राहिला. वरची व खालची पकड एका रेषेत नव्हती.

आक्षेप मी मागे घेतला. पण त्या रात्री एक जुनी फाईल आठवली. दिरंगाईबद्दल एकाच पदावरील दोन अधिकाऱ्यांच्या बदलीची शिफारस मी केली होती. तिसऱ्याच्या काळातही विलंब तेवढाच राहिला. माणसे बदलून पाहिली होती. यंत्र तपासायचे मात्र मला सुचले नव्हते.