वेंगुर्ल्याला जाताना हिशेबाची वही न्या

घरबसल्या आमसुलं नि आगळ विकावं, हा विचार तुमच्यापैकी पुष्कळजणींच्या मनात येऊन गेला असेल. माझ्याही मनात आहे. भांडवल म्हणाल तर अर्ध्या वेळच्या शिकवण्याच्या पगारातून पोस्टात टाकलेली शिल्लक, तेवढंच. ते मोडण्याआधी माल होतो कसा ते पाहावं म्हणून मे महिन्यात कोल्हापूरहून आजरा-आंबोलीमार्गे सावंतवाडी आणि तिथून वेंगुर्लं गाठलं. आंबोलीचा घाट उतरला की घामाच्या धारा लागतात. सुती साड्याच घ्या, बरं का!

वेंगुर्ल्याचं बंदर, समुद्र सारं पाहण्यासारखं आहे. पण आपलं काम अंगणात. माझ्या जाऊबाईंच्या मावशींकडे उतरले होते. त्यांच्या अंगणात लालभडक रातांब्यांचा ढीग पडलेला. फळ फोडायचं, गर नि बिया वेगळ्या काढायच्या, सालं उन्हात घालायची. एवढ्यानं आमसूल होत नाही हो! गराला मीठ लावून सुटलेल्या रसात ती सालं बुडवायची, पुन्हा वाळवायची. अशी चार-पाच पुटं दिली की तो काळसर रंग चढतो. मीठ घालून मुरवलेला रस तो आगळ. साखर घातली की सरबताचा अमृतकोकम. बियांचं मुठेल निघतं, टाचांच्या भेगांना उत्तम.

"हे वर्षभर करता येईल का, मावशी?" मी विचारलं.

"गो, पाऊस इलो काय संपला सगळा!"

इथेच खरी मेख आहे. फळ पिकतं एप्रिल-मेमध्ये, जूनमध्ये पाऊस येतो. म्हणजे वर्षभर विकायचा माल पाच-सहा आठवड्यांत करून ठेवायचा. पैसा एकदम जातो आणि बरण्यांतून हळूहळू परत येतो. गिरगावात १९५९ साली सात जणींनी उसन्या ८० रुपयांवर लिज्जतचे पापड सुरू केले, त्यांचंही काम पहिल्या पावसाळ्यात थांबलं होतं. पुढच्या वर्षी त्यांनी खाट नि स्टोव्ह घेतला. पापड खाटेवर, स्टोव्ह खाली. रसानं निथळणाऱ्या सालांना मात्र ऊनच हवं.

मावशींनी कधी वजन केलं नव्हतं. आम्ही दहा किलो रातांबे मोजून घेतले. सगळी पुटं देऊन वाळलेली आमसुलं काट्यावर घातली, तर दोन किलोसुद्धा भरली नाहीत! मग वहीत फळांची किंमत, मीठ, बरण्या, एस.टी.चं भाडं मांडलं. मजुरीचा रकाना काढला तेव्हा मावशी हसल्या. घरच्या बाईला कसली मजुरी? तुम्ही मात्र तो रकाना भराच. तो धरला तर बाजारातल्या स्वस्त आमसुलांशी आपला भाव जुळत नाही. आगळाला वाळवणीचा खटाटोप नाही, म्हणून माझं मन तिकडे वळलं आहे. पहिल्या वर्षी पन्नास बाटल्या, तेही ओळखीच्या घरांतून आधी मागणी घेऊन. विकायचं तर अन्नसुरक्षेची नोंदणी लागते, तीही करायची.

ज्यांची जागा आहे त्यांनी रोपापेक्षा कलम लावावं. बियांपासून वाढवलेलं झाड नर निघालं तर फळच नाही, आणि ते कळायला काही वर्षं जातात.

निघताना मावशींनी वही मागून घेतली. मजुरीच्या रकान्यात पुढच्या मेसाठी स्वतःचा रोज लिहिला. मी धरला होता त्यापेक्षा चांगला जास्त.