कंबरेची गोळी काय औषध असते का?

महाल, नागपूर

प्रिय वैजू,

लेक पाळीत मेफ्टाल घेते म्हणून 'पुढे मूल होणार नाही' अशी भीती तुला कुणीतरी घातली. बाई गं, मेलबर्नला जाऊनही व्हॉट्सअ‍ॅपवरच्या आत्याबाई तुला सोडत नाहीत! आधी उत्तर देते, मग गप्पा. पाळीचे एक-दोन दिवस घेतलेल्या गोळीनं मूल अडत नाही. जपायचं ते महिन्याच्या मधल्या दिवसांत.

हे कळलं आमच्या धाकट्या जाऊमुळे. ती इतवारीत साड्यांच्या दुकानात दिवसभर उभी असते. कंबर धरली की मेडिकलमधून पत्त्यातल्या चार गोळ्या कापून आणायच्या. डायक्लोफिनॅक खरं तर चिठ्ठीशिवाय द्यायचंच नाही, पण चिठ्ठी मागतो कोण? महालक्ष्म्यांच्या स्वयंपाकाला तर इकडे सकाळी चहाबरोबरच एक गोळी पोटात जाते.

दुसऱ्या बाळासाठी तिची फॉलिक्युलर स्टडी चालली होती, म्हणजे एक दिवसाआड सोनोग्राफी. अंडं छान वाढलं, पण फुटेचना. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "औषधं काय चालू आहेत?" "काहीच नाही." मी शेजारून म्हटलं, "अन् ते कंबरेची गोळी?" तर मलाच म्हणते, "ते काय औषध असते का, ताई?"

बाईंनी चिडून न जाता समजावलं. पाळीत गर्भाशय आवळून कळा आणतं ते प्रोस्टाग्लँडिन नावाचं द्रव्य. डायक्लोफिनॅक, नॅप्रॉक्सेन, आयबुप्रोफेन, मेफेनॅमिक अ‍ॅसिड (म्हणजे तुझ्या लेकीचं मेफ्टाल) ही सगळी मंडळी तेच दाबतात, म्हणून बरं वाटतं. पण महिन्याच्या मध्यावर अंडं बाहेर पडायलाही हेच द्रव्य लागतं. बगदादच्या डॉक्टरांनी २०१५ मध्ये ३९ बायकांवरचा अभ्यास मांडला होता. पाळीच्या दहाव्या दिवसापासून दहा दिवस रोज १०० मिलिग्रॅम डायक्लोफिनॅक घेणाऱ्यांपैकी फक्त ६.३ टक्के बायकांचं अंडं फुटलं. गोळी न घेणाऱ्या सगळ्यांचं फुटलं. ३९ बायका म्हणजे काही फार नव्हेत, आणि गोळी थांबवली की परिणाम सहसा ओसरतो. पण मूल हवं असताना महिनोन् महिने हे चालू राहिलं, तर दोष नशिबाला अन् नवऱ्याला!

जाऊची गोळी बंद झाली. आता शेक, व्यायाम आणि फारच दुखलं तर पॅरासिटामॉल. दुकानात बसायला स्टूल मिळालं, तेही भांडून. पुढच्या महिन्यात अंडं फुटलं. बाकी अजून काही नाही.

गरोदरपणात तर डायक्लोफिनॅकसारख्या या गोळ्या आपल्या मनानं घ्यायच्याच नाहीत. विसाव्या आठवड्यानंतर बाळाच्या मूत्रपिंडावर परिणाम होऊन गर्भजल कमी होऊ शकतं, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २०२० मध्ये दिला. बाळंतपणासाठी डागा दवाखान्यात नाव घातलेल्या आमच्या गल्लीतल्या पोरींना मी हे सांगत फिरते. त्या मला 'डॉक्टर काकू' म्हणून चिडवतात.

तुझ्या लेकीबद्दल मला काळजी दुसरीच आहे. एका गोळीनं भागत होतं तिथे आता तीन लागतात का? कॉलेज बुडतं का? पाळी नसतानाही ओटीपोट दुखतं का? तसं असेल तर एंडोमेट्रिओसिस आहे का ते तपासायला हवं. तो वर्षानुवर्षं गोळ्यांखाली झाकला जातो, आणि मूल होण्यात अडचण आणू शकतो तो हा आजार. 'पाळीत दुखतंच' म्हणून आपल्या आयांनी आपल्याला गप्प केलं. तू तिला करू नकोस. गोळी घेऊ दे, पण पुढच्या तीन पाळ्यांच्या तारखा आणि रोजच्या गोळ्या लिहायला लाव आणि तो कागद घेऊन स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जा.

तुझी,
महालची डॉक्टर काकू