माती खाल्लेलं इंजिन

भंगारवाल्यानं किलोवर भाव सांगितला तेव्हा अण्णा काही न बोलता उठून आत गेले. इंजिन खोलायचं तिथंच ठरलं. भावाच्या मते हा वेडेपणा होता. दोन सिलिंडरचा एचएमटी २५११. पिंजोरचा कारखाना बंद करायचा निर्णय सरकारनं २०१६ मध्येच घेतलेला. पार्ट कुठून आणणार?

उमरग्याचे चाचा आता स्वतः पाना धरत नाहीत, खुर्चीवरून मुलाला सांगतात. हेच इंजिन त्यांनी १९९४ च्या उन्हाळ्यात खोललं होतं. मी तेव्हा सातवीत, रॉकेलच्या थाळीत नटबोल्ट धुवायला. हेड उतरल्यावर चाचांनी लायनरच्या आत नख फिरवलं. नख अडकलं. रिंग पोचत नाही तिथपर्यंत धातू शाबूत, त्याखाली चक्क पायरी पडलेली. इंजिन जेमतेम पाच वर्षांचं.

"यानं माती खाल्ली की हो. फिल्टरची वाटी साफ करत होता का नाही?"

ऑइल बाथ फिल्टरमध्ये हवा तेलावरून जाते आणि धूळ तेलात बसते. वाटी गाळानं भरली की धूळ सरळ सिलिंडरात जाते आणि पॉलिश पेपरसारखी घासत राहते.

अण्णा गप्प राहिले होते.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंप झाला. जगाला किल्लारी माहीत झाली. आमची आत्या सास्तूरला दिलेली. उजाडायच्या आत अण्णा ट्रॅक्टर घेऊन निघाले. दगडमातीच्या जाड भिंती, वर माळवदाची माती, सगळं एकदम खाली आलेलं. अण्णा साखळीनं तुळया ओढत होते. पावसानं चिखल व्हायचा, उघडीप पडली की पुन्हा धूळ. आत्या तिसऱ्या दिवशी सापडली. अण्णा महिनाभर तिथंच राहिले, दुसऱ्यांच्या घरांवर. हे आईनं सांगितलेलं; अण्णांनी कधीच नाही.

या वेळची झीज साधी, वयाची होती. लायनर ओले, म्हणजे बाहेरून पाणी खेळणारे, त्यामुळे बोअर मारायची भानगड नाही. जुने उपटायचे, नवे बसवायचे. किट सोलापूरला एका जुन्या दुकानात निघालं, ते भावानंच शोधलं. साबणाचं पाणी लावून रबरी रिंगा बसवताना त्याचा श्वास माझ्यापेक्षा जास्त अडकला होता. रिंग पिळली गेली तर पाणी ऑइलमध्ये उतरतं.

डिझेलमधली हवा काढली, सेल्फ मारला. चौथ्या खेपेला पांढरा धूर सोडत इंजिन लागलं. थोडा वेळ चालवून बंद केलं, तर अण्णा वाकून फिल्टरची वाटी सोडवू लागले.

"तेव्हा का नाही केलीत साफ?" मी विचारलं. तीस वर्षांत पहिल्यांदा.

"त्याला इंजिन बंद करावं लागतंय."

"मग?"

"बंद केलं की गाव ऐकू यायचं."

त्यांनी वाटी धोतरानं पुसली, खुणेपर्यंत तेल ओतलं आणि क्लिप लावायला भावाच्या हातात दिली.