सम कीं विषम?

आपल्या शाळेच्या एका माजी विद्यार्थ्यानें विज्ञानशाळेस एक जुनें यंत्र भेट दिलें आहे, हें तुम्हांपैकीं पुष्कळांस ठाऊक आहे. त्याचें नांव व्हीटी-१००. अमेरिकेंतील डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या कंपनीनें तें सन १९७८ मध्यें बाजारांत आणलें. म्हणजे वयानें तें जवळजवळ माझ्याच बरोबरीचें. पडदा आणि कळफलक असला तरी तें स्वतः संगणक नव्हे. दूरच्या संगणकाकडे अक्षरें पाठवावयाचीं व तिकडून आलेलीं अक्षरें पडद्यावर दाखवावयाचीं, एवढेंच त्याचें काम. अशा यंत्रास टर्मिनल म्हणतात. त्याच्या निमित्तानें माझ्या हातून जी चूक घडली ती मीं वर्गांत कबूल केलीच आहे. परंतु ती पालकांसही कळावी म्हणून येथें लिहीत आहें.

विज्ञानप्रदर्शन जवळ आलें होतें. हें यंत्र शाळेंतील एका संगणकास जोडून दाखवावें असें मीं ठरविलें. जोडतार तयार करण्याचें काम नववींतील एका मुलाकडे दिलें. त्याचे वडील रेडिओ-दुरुस्तीचें लहानसें दुकान चालवितात. त्यामुळें डाख देण्याची कला त्याच्या हातांत आहे. यंत्रामागील जोडणीस २५ पिना असतात. क्रमांक २ वरून यंत्र बोलतें, क्रमांक ३ वरून ऐकतें, आणि क्रमांक ७ दोन्ही बाजूंस समाईक असते. एकाचें बोलणें दुसऱ्याच्या ऐकण्यास जोडावें लागतें, म्हणून तारांची अदलाबदल करावी लागते. मुलानें तें सर्व नीट केलें.

या तारेवरून अक्षर एकदम जात नाहीं. एक आणि शून्य यांच्या चिन्हांनीं तें बनतें, आणि हीं चिन्हें एकामागून एक जातात. प्रत्येक अक्षराच्या आधीं आरंभाचें एक चिन्ह व शेवटीं विरामाचें एक, अशीं एकूण दहा चिन्हें होतात. मीं दोन्हीकडे सेकंदास ९,६०० चिन्हांची गति ठेवली; म्हणजे सेकंदास ९६० अक्षरें. पडद्यावर ८० अक्षरांच्या २४ ओळी मावतात; तेव्हां भरलेला पडदा दोन सेकंदांत यावा. गति जुळली, आतां कांहीं उरलें नाहीं, असें मीं गृहीत धरलें.

वर्गासमोर यंत्र सुरू केलें. पडद्यावर कांहीं अक्षरें उमटलीं, परंतु मधून मधून अक्षराच्या जागीं ठिपक्यांचा नुसता ठोकळा दिसूं लागला. मुलें हंसलीं. मला संकोच वाटला, आणि त्या संकोचाचें रूपांतर रागांत झालें. तो मुलगा सकाळीं वडिलांना मदत करून येतो म्हणून त्यास कधीं कधीं उशीर होतो. तेंही माझ्या मनांत होतें. मी म्हणालों, "तुझा डाख कच्चा आहे. दुकानांतलें काम आणि शाळेंतलें काम यांत फरक असतो." तो कांहीं बोलला नाहीं. तार काढून घेऊन तो जागेवर जाऊन बसला.

तिसऱ्या दिवशीं मधल्या सुटींत तो वहीचें एक पान घेऊन माझ्याकडे आला. त्यावर दोन रकाने होते. तो म्हणाला, "सर, मीं सगळे जोड तपासले. तार खराब असती तर एखादें अक्षर एकदां आलें असतें, एकदां नसतें. पण ए, बी, डी, जी, एच हीं दर वेळीं येतात. सी, ई, एफ कधींच येत नाहींत. तारेला अक्षरें ओळखतां येत नाहींत, सर."

त्याचें म्हणणें ऐकून मी क्षणभर स्तब्ध झालों. मग आम्हीं दोघांनीं प्रत्येक अक्षराचीं चिन्हें मांडलीं. ए म्हणजे १०००००१. त्यांत एक हा अंक दोनदां येतो. सी म्हणजे १००००११; त्यांत तो तीनदां येतो. येणाऱ्या प्रत्येक अक्षरांत एकांची संख्या सम होती, न येणाऱ्या प्रत्येकांत विषम!

उलगडा झाला. सात चिन्हांना आठवें एक जोडून एकांची एकूण संख्या सम करावयाची, म्हणजे वाटेंत एखादें चिन्ह बिघडल्यास तें ओळखतां येतें, अशी एक जुनी पद्धति आहे. आमचें यंत्र ती परीक्षा घेत होतें. संगणक मात्र आठव्या जागीं नेहमीं शून्यच पाठवीत होता. जें अक्षर मुळांतच सम तें परीक्षेंत उतरे; जें विषम त्याच्या जागीं ठोकळा येई. ही मांडणी पूर्वीच्या मालकानें ठेवलेली होती, आणि वीज बंद केली तरी हें यंत्र आपली मांडणी विसरत नाहीं.

सेट-अप ही कळ दाबून मग ५ दाबलें कीं मांडणीचें दुसरें पान येतें. तेथें तळाशीं चार-चार अंकांचे चार गट दिसतात. शेवटच्या गटांतील दुसरा अंक सम-विषम परीक्षेचा. तो ६ च्या कळीनें आम्हीं शून्य केला. तिसरा अंक सात कीं आठ चिन्हें हें ठरवितो. तो एक केला. चौथा विजेच्या आवर्तनांचा. आपल्याकडे तीं सेकंदास ५० असतात, तेंही पाहून घेतलें. मग शिफ्ट व एस दाबून मांडणी कायम केली. सगळीं अक्षरें स्वच्छ उमटलीं. त्याच्या तारेंत कोठेंच दोष नव्हता.

चारचौघांत बोललों होतों, म्हणून दुसऱ्या दिवशीं चारचौघांतच त्याची क्षमा मागितली. संध्याकाळीं दुकानावर गेलों. वडिलांना यांतील कांहींच ठाऊक नव्हतें. मुलानें घरीं एक शब्दही काढला नव्हता. त्यामुळें, दुकानाविषयीं मीं काय म्हटलें होतें, तें मलाच माझ्या तोंडानें सांगावें लागलें. ते थोडा वेळ हातांतील रेडिओकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "यंत्र चाललें ना, सर? मग झालें."

परंतु माझें तेवढ्यानें झालें नाहीं. त्या मुलाविषयींची एक मांडणी माझ्याही मनांत कायम होऊन बसली होती, आणि ती तपासून पाहण्याचें मला सुचलें नव्हतें. वहीचें तें पान मीं त्याच्याकडून मागून घेतलें आहे. कोणावर दोष ठेवण्यापूर्वीं असे दोन रकाने आंखून पाहावे, हें मीं त्याच्यापासून शिकलों.