बिनहाताची खुर्ची

तीर्थपुरीत मामांच्या ढाळजेत एक सागवानी खुर्ची आहे. उंच पाठीची, बिनहाताची, भिंतीला टेकवलेली. लग्नकार्यात घरातल्या प्लास्टिकच्या खुर्च्या गावभर फिरतात. ही जागची हलत नाही, आणि मामांना हवी ती अशीच.

मामांची साखर जुनी. आधी पायांना मुंग्या आल्या, मग तळवे बधिर झाले. चप्पल पायातून निसटते, त्यांना पत्ता नसतो. मधुमेहात सर्वांत लांब नसांना आधी इजा होते, म्हणून सुरुवात पायाच्या बोटांपासून. तळव्याकडून जमिनीची खबर येईनाशी झाली की माणूस डोळ्यांच्या भरवशावर उभा राहतो. मग तोंड धुताना डोळे मिटले तरी तोल जातो.

रोज सकाळी मामा खुर्चीची पाठ धरून टाचा उचलतात, मग चवडे. एका पावलापुढे दुसरं जुळवून उभे राहतात, मग एका पायावर. शेवटी तिच्यावर बसतात आणि कशालाही न धरता उठतात. तिला हात असते तर मामांनी तेच धरले असते. ती आधार देत नाही, मांड्यांना कामाला लावते. तिचा हा करारीपणा मला फार आवडतो. उभं राहतानाही आधी दोन्ही हातांची पकड, काही आठवड्यांनी एका हाताची, मग नुसतं बोट. बोट वजन पेलत नाही, पण शरीर किती हललं हे मेंदूला कळवतं. तेवढ्यानंही डोलणं कमी होतं.

पूर्वी बधिर पायांच्या माणसाला उभ्यानं व्यायाम नकोच म्हणत, जखमेची भीती. 2010 मध्ये अमेरिकन डायबिटीस असोसिएशन आणि अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिन यांनी मिळून सांगितलं, पायाला उघडी जखम नसेल तर बेताचा व्यायाम उभ्यानं करता येतो. गेलेली नस त्यानं परत येईलच असं नाही, पण घोटे, मांड्या, डोळे आणि कानातली तोलाची यंत्रणा तिचं काम वाटून घेतात. मामी मागे उभी राहते. आधी आणि नंतर उजेडात तळवे तपासते, अनवाणी उभं राहू देत नाही.

बलोपासना सांगणाऱ्या रामदासांचं जन्मगाव, जांब समर्थ, तीर्थपुरीच्याच घनसावंगी तालुक्यातलं. इथल्या म्हाताऱ्यांनी तरी व्यायामाला लाजू नये. शेजारच्या काकूंनी सुताराला अशीच एक खुर्ची सांगितली आहे, हात बसवू नको म्हणून बजावून.