मागणी आणि गरज

हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथ तालुक्यात, पूर्णा नदीवर सिद्धेश्वर धरण आहे. वरच्या अंगाला येलदरीचे मोठे धरण असताना हे दुसरे कशासाठी, हा प्रश्न पाहुण्याला हमखास पडतो. येलदरीच्या पायथ्याशी २२.५ मेगावॅटचे वीजगृह आहे. विजेला पाणी लागते, पण ते संपत नाही. जनित्र फिरवून पुढे निघते. पिकाला ते पाळीने, ठराविक दिवशी आणि कालव्याच्या उंचीवर हवे असते. दोन्ही गरजा खऱ्या, पण त्यांचे वेळापत्रक निराळे. म्हणून विजेसाठी सुटलेले पाणी सिद्धेश्वरात अडवून तेथून कालव्यांना द्यावे, अशी पूर्णा प्रकल्पाची रचना झाली. १९६८ पासून ती चालू आहे.

सिद्धेश्वरचा एकूण साठा सुमारे २५१ दलघमी. त्यात उपयुक्त जेमतेम ८१. उरलेल्या पाण्याला मृतसाठा म्हणतात. नाव अन्यायकारकच! कालव्याच्या मुखापर्यंत पातळी उचलून धरण्याचे आणि गाळाला जागा देण्याचे काम तोच करतो. बँकेच्या परिभाषेत येलदरी ही मुदत ठेव, सिद्धेश्वर हे चालू खाते आणि मृतसाठा ही हात न लावण्याची किमान शिल्लक.

अभियंत्यांनी नदीची गरज अशी नेमकी ओळखली. माणसांची गरज मोजणे त्याहून अवघड आहे. हंगामापूर्वी शेतकऱ्याने नमुना नं. ७ भरून पीक व क्षेत्र कळवायचे असते. त्यावरून मागणी ठरते. मात्र कोणत्याही मोठ्या कालव्यावर शेपटाकडच्या शेतकऱ्याचा अनुभव असा, की पाणी पोहोचण्याआधीच पाळी सरते. दोन-तीन हंगाम कोरडे गेले की तो अर्ज भरणे सोडतो, विहिरीवर हरभरा घेतो. कागदावर त्याची मागणी शून्य दिसते आणि शून्य मागणीला पाणी कोण सोडणार? मुखाजवळच्या उसाचा अर्ज मात्र वेळेवर येतो. कर्जाचा अर्ज न देणाऱ्याला भांडवल नकोच आहे, असे मानण्यासारखेच हे झाले.

पिण्याचे पाणी अर्जाविना आधी राखून ठेवले जाते, ते योग्यच. शेपटाकडच्या शेतासाठी तशी तजवीज नाही. १५ ऑक्टोबरचा साठा पाहून सिंचनाचे नियोजन होते. कालवा सल्लागार समितीची बैठक भरण्यापूर्वी एखाद्याने शेवटच्या चारीपर्यंत पायी जावे, आणि ज्यांचे अर्ज आले नाहीत त्यांच्या बांधावर बसून ते का आले नाहीत एवढेच विचारावे.