फोडणीच्या पळीतला थेंब

घावने घालण्याआधी आई बिडाच्या तव्यावर पाण्याचा हात झटकते. थेंब चर्र करून जागीच आटले, तर तवा तयार. ते गोल होऊन सैरावैरा पळू लागले, तर गॅस बारीक करायचा. इतक्या तापल्या तव्यावर पीठ नीट पसरत नाही. मी हे लहानपणापासून बघत आले. यंदा दिवाळीच्या सुट्टीत भाचीने विचारलं, “मावशी, तवा जास्त तापला तर पाणी लवकर उडायला हवं ना? मग हे थेंब जास्त टिकतात कसे?”

उत्तर मला ठाऊक होतं, पण ते सांगून टाकण्यापेक्षा तिला बघू द्यावंसं वाटलं. तव्यावरचे थेंब कडेला पळतात, म्हणून फोडणीची लोखंडी पळी घेतली. ती घासून अगदी कोरडी केली; तेलाचा अंश राहिला तर थेंब तडतडून अंगावर उडतो. (नॉनस्टिक भांडं यासाठी घेऊच नये, रिकामं तापवलं की त्याचा लेप खराब होतो.) मंद आचेवरच्या पळीत ड्रॉपरने थेंब सोडला. चर्र, आणि संपला. मग आच मोठी केली. आता थेंब आवाज न करता पळीच्या खोलात डुलत राहिला, कणाकणाने लहान होत. भाचीने मोबाईलवर वेळ लावली होती. अर्धं मिनिट होत आलं तरी तो होताच. गॅस बंद करून आम्ही थेंब टाकत राहिलो. पळी निवत गेली आणि अचानक एक थेंब पसरून चर्र झाला.

लोखंड साधारण 200 अंश सेल्सिअसच्या पुढे तापलं, की थेंब टेकता टेकताच त्याच्या तळाची वाफ होते. त्या वाफेचा थर जेमतेम मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाएवढा. पण वाफेतून उष्णता फार सावकाश जाते, त्यामुळे थेंब आपल्याच वाफेवर तरंगत तगतो. योहान लायडेनफ्रॉस्ट या जर्मन डॉक्टरने 1756 साली याचं वर्णन छापलं. त्याचं साधन होतं लाल होईस्तोवर तापवलेला लोखंडी चमचा! हे ऐकून भाचीने पळी पुन्हा हातात घेतली. प्रयोगवहीतला आयता निष्कर्ष तिला असा कधी भिडला नसता, असं मला मनापासून वाटतं.

आई मात्र वेगळ्याच विचारात होती. “मग पीठही तसंच वाफेवर उचललं जात असेल, म्हणून गोळा होतं,” ती म्हणाली. ते ताडून बघायला वाटीभर पीठ बाजूला काढून ठेवलं आहे.